आरोग्य दिन पाळायचेत? आधी दुसऱ्या दिवशी काय होणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका ऑफिसची टीम यंदापासून आरोग्याचे जागतिक दिवस पाळायला सुरुवात करतेय, सोबत डॉक्टर, नर्स आणि बाकी हॉस्पिटल स्टाफचे आभारही मानायचेत, पण दरवेळी पोस्टर, भाषण, ग्रुप फोटो आणि विषय संपला असं व्हायला नको, तर नेमकं काय करावं. मी बरीच वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काम केलं, नंतर हॉस्पिटलच्या बाहेर होणाऱ्या तपासणी शिबिरांचं आणि जनजागृतीचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे ज्यांचा सत्कार होतो त्या बाजूलाही मी उभी राहिलेय आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या बाजूलाही. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी, खूप दिवस घेऊ नका. कॅलेंडर उघडलं तर जवळजवळ प्रत्येक आठवड्यात कसला ना कसला आरोग्य दिन सापडतो, आणि सगळे पाळायचे म्हटलं की दोन महिन्यांत लोक पोस्टरकडे बघणंही सोडून देतात. वर्षाला दोन किंवा तीन, बास. कुठले निवडायचे तर तुमच्या लोकांमध्ये जो त्रास खरोखर आहे तो बघा. दिवसभर बसून काम करणारी चाळिशीच्या पुढची माणसं जास्त असतील तर १७ मेचा हायपरटेन्शन डे म्हणजे बीपीचा दिवस किंवा १४ नोव्हेंबरचा डायबेटिस डे, तरुण मुलं आणि कामाचा ताण जास्त असेल तर १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन, तंबाखू आणि सिगारेट खूप चालत असेल तर ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन. आणि तो दिवस त्याच तारखेला का आहे हे दोन वाक्यांत नक्की सांगा, लोकांना ते आवडतं आणि लक्षातही राहतं. २४ मार्च हा टीबी दिन आहे कारण १८८२ साली त्याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं. १४ नोव्हेंबर हा इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा वाढदिवस, १४ जून म्हणजे रक्तदाता दिन हा रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा, २८ जुलै म्हणजे हिपॅटायटिस दिन हा हिपॅटायटिस बी (लिव्हरचा आजार) चा व्हायरस शोधणाऱ्या बारुक ब्लुमबर्ग यांचा. कुणाच्या तरी कामामुळे आज आपल्याकडे उपचार आहेत, तपासणी आहे, लस आहे हे त्यातून आपोआप पोचतं, वेगळं भाषण लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. कुठलाही दिवस ठरवायच्या आधी स्वतःला विचारा की दुसऱ्या दिवशी काय होणार. समजा शिबिरात पन्नास जणांचं बीपी मोजलं आणि त्यातल्या आठ जणांचं जास्त निघालं, तर त्या आठ जणांनी उद्या कुठं जायचं, कुणाला भेटायचं, ते गेले की नाही हे कोण बघणार? याचं उत्तर तयार नसेल तर शिबिर पुढं ढकला, खरंच ढकला. मी हे उगाच कडक बोलत नाहीये, १९६८ साली डब्ल्यूएचओसाठी विल्सन आणि युंगनर यांनी तपासणी मोहिमांची जी तत्त्वं लिहिली ती आजही वापरली जातात आणि त्यात स्पष्ट आहे की आजार शोधायला निघायचं तर पुढची पक्की तपासणी आणि उपचार यांची सोय आधी हवी. ज्याला चिठ्ठीवर आकडा लिहून दिला आणि पुढं काहीच सांगितलं नाही तो माणूस एकतर घाबरून रात्रभर जागतो नाहीतर चिठ्ठी खिशात घालून विसरून जातो, आणि दुसराच प्रकार जास्त होतो. मग वर्षभराने तोच माणूस परत शिबिरात येतो, परत तोच आकडा येतो.

म्हणून माझी पद्धत अशी असते की शिबिराच्या आधीच जवळच्या दवाखान्याशी किंवा हॉस्पिटलच्या ओपीडीशी बोलून ठेवायचं, अमुक तारखेनंतरच्या आठवड्यात आमची इतकी माणसं येतील, त्यांना कुठल्या वेळेला पाठवू. ज्यांचा रिपोर्ट गडबड वाटतो त्यांना तिथल्या तिथे तारीख आणि वेळ लिहून द्यायची, नुसतं "डॉक्टरांना दाखवून घ्या" असं सांगायचं नाही. त्यांची परवानगी घेऊन फोन नंबर घ्यायचा, आणि एकच माणूस नेमायचा जो दोन आठवड्यांनी फोन करेल आणि परत तीन महिन्यांनी करेल. तो माणूस ऑफिसमधला साहेब नको आणि एचआरही नको, कारण आपल्याला शुगर आहे हे साहेबांना कळलं तर प्रमोशनचं काय होईल ही भीती लोकांच्या मनात असतेच. हॉस्पिटलची नर्स, समुपदेशक किंवा बाहेरचा हेल्थ वर्कर असेल तर उत्तम. रिपोर्टची यादी कंपनीकडे जाता कामा नये, कंपनीला फक्त किती जण आले एवढाच आकडा पुरे.

मोजण्याबद्दलही सांगते, कारण शिबिरात सगळ्यात जास्त घोळ तिथं होतो. रांग लागलेली असते, माणूस जिना चढून आलेला असतो, शेजारच्याशी बोलत बोलत हात पुढं करतो आणि बीपी जास्त येतं. खरं तर पाच मिनिटं शांत बसलेलं हवं, पाठीला टेकू, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर टेकवलेला, मशीनचा पट्टा म्हणजे कफ उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा, आधीचा अर्धा तास चहा कॉफी सिगारेट नको, मोजताना बोलायचं नाही, आणि एकदा मोजून झालं की मिनिटभर थांबून परत एकदा. इतकं करूनही एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला "तुम्हाला बीपी आहे" असं सांगायचं नसतं, वेगवेगळ्या दोन दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर पुढचा विचार. शुगरचंही तसंच, उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर डायबेटिस म्हणतात, पण काही लक्षणं नसतील तर तपासणी परत करून पक्कं करावं लागतं, आणि बोटाला टोचून मशीनवर दिसणारा आकडा हा फक्त इशारा असतो. हे सगळं टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकांना आदल्या दिवशी शिकवा. आणि खुर्च्या जास्त ठेवा, खरंच, लोकांना बसवायला जागा असेल तर निम्मे चुकीचे आकडे तिथंच टळतात. बीपी वाढलेल्या लोकांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांना जगभर ते माहीतच नसतं, त्यामुळे मोजायला हवंच, पण नीट मोजायला हवं.

रक्तदानावर थोडं जास्त बोलते कारण इथं चांगल्या मनाने केलेलं कामही वाया जाऊ शकतं. १४ जूनला सगळेच शिबिर घेतात, त्याच आठवड्यात ब्लड बँकेत रक्त एकदम वाढतं. आता रक्त साठवून ठेवता येतं पण किती, तर लाल पेशी थंड ठेवून कुठलं द्रावण वापरलं त्यानुसार ३५ ते ४२ दिवस, आणि प्लेटलेट्स तर साधारण पाचच दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या पेशंटला प्लेटलेट्स ऑगस्टमध्ये लागल्या तर जूनमधल्या शिबिराचा काय उपयोग, आणि ज्यांनी जूनमध्ये दिलं ते पुढं काही आठवडे किंवा महिने परत देऊ शकत नाहीत, कारण मध्ये अंतर ठेवावंच लागतं, ते देशोदेशी कमीजास्त असतं. म्हणून १४ जूनला रक्त घेण्यापेक्षा नावं घ्या. त्या दिवशी लोकांना समजावून सांगा, रक्तगट तपासा, आणि लोकांच्या चार तुकड्या करून वर्षभरात वेगवेगळ्या महिन्यांत रक्त द्यायचं असं ब्लड बँकेशी बोलून ठरवा, त्यांना विचारा की तुमच्याकडे टंचाई कधी असते. ते लगेच सांगतील, सुट्ट्यांचे दिवस, परीक्षांचा काळ, कॉलेजं बंद असतात तेव्हा, हे त्यांना पाठ असतं. जो रक्तदाता न बोलावता दर काही महिन्यांनी येतो त्याचं रक्त ब्लड बँकेला सगळ्यात जास्त भरवशाचं वाटतं. आणि हो, कुणावर जबरदस्ती नको, टार्गेट तर अजिबात नको. लाजेपोटी किंवा साहेब बघतायत म्हणून रक्त देणारा माणूस फॉर्मवर आजार लपवतो, आणि त्याचा धोका पलीकडच्या पेशंटला होतो.

एचआयव्ही, टीबी, मानसिक आरोग्य, स्तनांचा कॅन्सर हे विषय घेणार असाल तर खासगीपणा आधी, बाकी सगळं नंतर. "किती जणींनी तपासणी करून घेतली, हात वर करा" असं स्टेजवरून विचारणारे लोक मी बघितलेत, त्यांचा हेतू चांगलाच असतो पण समोर बसलेल्यांपैकी कुणी नुकतीच रिपोर्टची वाट बघत असेल हे त्यांच्या डोक्यात येत नाही. १ डिसेंबरला, एड्स दिनाला, लाल रिबन वाटा जरूर, पण सोबत तपासणी कुठं गुपचूप होते ते छोट्या कार्डवर द्या. टीबीच्या बाबतीत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या एवढं एकच वाक्य पोस्टरवर मोठ्या अक्षरात पुरे आहे, त्याखाली जंतूचं चित्र, आकडेवारी, घोषणा असं भरलं की ते एक वाक्य हरवतं. मानसिक आरोग्याच्या दिवशी तर बोलणारा कुणीही असो, त्या हॉलच्या बाहेर एका बंद खोलीत समुपदेशक बसलेला हवाच, कारण विषय निघाला की कुणाचं तरी मन भरून येतं आणि त्या क्षणी बोलायला माणूस मिळाला नाही तर तो परत तोंड उघडेलच असं नाही. आणि आत्महत्येवर बोलताना कुणी कशी केली याचा तपशील, कुठली पद्धत, कुठली जागा हे काहीही सांगायचं नाही, मदत कुठं मिळते ते सांगायचं.

आता आभारांचं. १२ मे हा नर्सेस डे, १८२० मध्ये याच दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. डॉक्टर्स डे देशोदेशी वेगळा आहे, भारतात १ जुलै, अमेरिकेत ३० मार्च. हे दोन सगळ्यांना माहीत असतात. पण ५ मे हा सुईणींचा म्हणजे मिडवाइफचा दिवस असतो, १५ एप्रिल लॅबवाल्यांचा, ८ सप्टेंबर फिजिओथेरपिस्टचा, २५ सप्टेंबर फार्मासिस्टचा, आणि ८ नोव्हेंबर रेडिओलॉजीवाल्यांचा, कारण १८९५ मध्ये त्या दिवशी राँटगेन यांना एक्सरे सापडले. हे लोक पेशंटला दिसतच नाहीत. तुमचा रक्ताचा रिपोर्ट पहाटे तीनला कुणीतरी तपासलेला असतो, ऑपरेशनची उपकरणं कुणीतरी निर्जंतुक करून पॅक केलेली असतात, सफाई कामगाराने दोन पेशंटच्या मधल्या वेळात बेड नीट पुसलेला असतो म्हणून तुम्हाला दुसऱ्याचं इन्फेक्शन लागत नाही. माझं मत विचाराल तर पहिला सत्कार सफाई कामगारांचा आणि स्टरिलायझेशनमध्ये काम करणाऱ्यांचा करा, डॉक्टरांना राग येत नाही, उलट तेच सगळ्यात आधी टाळ्या वाजवतात कारण त्यांना माहीत असतं.

पण कार्यक्रम कसा करता त्यावर खूप काही अवलंबून आहे. सकाळी अकराला हॉस्पिटलच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, प्रत्येक वॉर्डातून चार जणी पाठवा असं सांगितलं, तर त्या चार जणींचं काम उरलेल्या दोघींवर पडतं. औषधांची वेळ तीच, राऊंड तेव्हाच, डिस्चार्ज तेव्हाच. रात्रपाळीवाल्या तर घरी जाऊन झोपलेल्या असतात, त्यांना एकतर झोपेतून उठून यावं लागतं किंवा त्यांचे आभार कधीच कुणी मानत नाही. म्हणून हॉस्पिटलमध्ये जायचं असेल तर नर्सिंग सुपरिंटेंडेंटना आधी विचारा की कुठली वेळ तुम्हाला त्रास न देणारी आहे, आणि वॉर्डात दहा मिनिटं जाऊन या, त्यांना हॉलमध्ये बोलावू नका. तिन्ही शिफ्टला जा, निदान एकदा तरी रात्री जा. पेशंटसोबत फोटो काढू नका, मागे बेडवरचा पेशंट दिसतो, त्याच्या नावाचा कागद दिसतो, आणि नंतर त्याचा त्रास नर्सलाच होतो.

आणि शब्द नेमके असू द्या. "तुम्ही महान आहात" असं सांगितलं की बरं वाटतं पण लक्षात राहत नाही. "माझ्या आईला ऑपरेशननंतर रात्री श्वास घ्यायला त्रास होत होता तेव्हा तुम्ही दर पंधरा मिनिटांनी येऊन बघत होतात, आणि मला काय चाललंय ते साध्या भाषेत सांगितलंत" असं लिहिलेलं पत्र माणूस वर्षानुवर्षं जपून ठेवतो. अमेरिकेत १९९९ मध्ये पॅट्रिक बार्न्स नावाचा तरुण आयटीपी या प्लेटलेट्स खूप कमी होण्याच्या आजाराच्या गुंतागुंतीने गेला, त्याच्या घरच्यांना त्याच्या आठवणीत काय करावं असं वाटत होतं तेव्हा त्यांना त्या आठवड्यांत नर्सेसनी घेतलेली काळजी आठवली, आणि त्यातून डेझी अवॉर्ड सुरू झालं. त्यात पेशंट, घरचे किंवा सहकारी नर्सने नेमकं काय केलं ते लिहून पाठवतात आणि त्यावरून निवड होते. मला ती पद्धत म्हणूनच आवडते, कारण ट्रॉफीपेक्षा ती लिहिलेली गोष्ट नर्सच्या हातात येते. तुम्ही अवॉर्ड नका काढू, पण पत्रं लिहून घ्या, एक त्या व्यक्तीला आणि एक कॉपी हॉस्पिटलच्या प्रशासनाला द्या म्हणजे ती सर्व्हिस फाइलला लागू शकते. तक्रारी फाइलला लगेच लागतात, कौतुक तोंडी राहतं.

आभार मानायचा आणखी एक मार्ग म्हणजे त्यांचं काम थोडं हलकं करणं, आणि तो मला सगळ्यात खरा वाटतो. २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाने पार थकून जाण्याबद्दल, आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत जे म्हटलंय ते बघा, ते कामाच्या ठिकाणचा न सांभाळलेला, दीर्घकाळचा ताण याच्याशी जोडलंय, म्हणजे त्या माणसात काही कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. मग सत्काराने तो ताण जात नाही, कामाच्या ठिकाणी काहीतरी बदलावं लागतं. तुम्ही हॉस्पिटल चालवत नसलात तरी बरंच करू शकता. घेतलेली अपॉइंटमेंट पाळायची किंवा आधी कळवून रद्द करायची, चालू औषधांची यादी सोबत ठेवायची, पेशंटसोबत एकच नातेवाईक बोलेल असं घरात ठरवायचं म्हणजे तीच माहिती पाच जणांना पाच वेळा सांगावी लागत नाही, आणि स्टाफवर कुणी आवाज चढवत असेल तर आपल्या माणसाला आपणच बाहेर घेऊन जायचं. या चार गोष्टी पोस्टरवर टाका, १२ मेला टाका, आम्हाला त्याचं कौतुक वाटेल.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, डायबेटिस डेला सांगायला फार चांगली आहे. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमा करा आणि तो भरला की दवाखान्यात किंवा तुमच्याकडे जी सोय असेल तिथं द्या. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला ती सुई टोचते, आणि टोचलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. हॉस्पिटल प्रशासनातलं कुणी हे वाचत असेल तर २८ जुलैला भाषणापेक्षा हिपॅटायटिस बी लसीचं रजिस्टर काढून बसा आणि बघा की कंत्राटी सफाई कामगार, लॉन्ड्रीवाले, वॉर्डबॉय यांचे तिन्ही डोस झालेत का, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. नर्सेसचे बहुधा झालेले असतात, कंत्राटी माणसं बदलत राहतात म्हणून त्यांचे राहतात.

तुमच्या टीमसाठी सुरुवात कशी करायची ते सांगते. यंदा एक आजाराचा दिवस आणि एक आभारांचा दिवस घ्या. आजाराचा दिवस असेल त्याच्या दीड महिना आधी दवाखान्याशी बोलणी, तीन आठवडे आधी पुढच्या तपासणीच्या वेळा पक्क्या, आदल्या दिवशी स्वयंसेवकांचं ट्रेनिंग, आणि नंतरच्या दोन फोनच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर. आभारांसाठी महिनाभर आधी ऑफिसात एक डबा ठेवा, ज्यांना हॉस्पिटलचा कुठलाही चांगला अनुभव आलाय त्यांनी लिहून टाकायचं. खर्च जवळपास शून्य. ज्यांना त्या नर्सचं किंवा टेक्निशियनचं नाव आठवत नाही त्यांनी वॉर्ड, तारीख आणि साधारण वेळ लिहावी, नर्सिंग ऑफिसला ड्युटी रोस्टरवरून त्या वेळी कोण होतं ते शोधता येतं आणि पत्र त्यांच्यामार्फत पोचवता येतं.